विटी उडते कशी आणि फिरते कशी

विटीदांडू खेळणाऱ्या मुलाने यंत्रशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसते. पण त्यातला एक महत्त्वाचा धडा त्याच्या हाताला ठाऊक असतो. विटीच्या टोकावर तो दांडूने हलकेच मारतो. विटी गरगर फिरत वर येते. मग हवेतच तिच्या मध्यावर टोला बसला की ती लांब जाते. टोला टोकावर बसला, तर भिंगरीसारखी फिरून जवळच पडते. असं का व्हावं?

विटीसारख्या, आकार न बदलणाऱ्या वस्तूला दृढ वस्तू म्हणतात. तिला बाहेरून लागलेला जोर दोन कामे करतो. एक म्हणजे, तो तिच्या गुरुत्वमध्याला गती देतो. ही गती जोर किती व वस्तू किती जड यावर ठरते. जोर कुठे लागला यावर नाही. दुसरे, तो तिला फिरवतो; आणि इथे मात्र ‘कुठे’ हाच प्रश्न. गुरुत्वमध्यापासून जोराच्या रेषेपर्यंतच्या अंतराने जोराला गुणले की परिबल मिळते. अंतर शून्य, तर फिरणेही नाही. हा विचार लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७६५ सालच्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला.

कुणी विचारील, मग टोकावर मारलेली विटी जवळ का पडते? कारण टोक चटकन मागे सरते. दांडू तितक्याच वेगाने आला, तरी विटीला पुरता टोला बसतच नाही.

हा प्रश्न खेळापुरता नाही. वळणावर ट्रक वळतो तो चाकांखालच्या घर्षणाने. हा जोर रस्त्यालगत लागतो. गुरुत्वमध्य असतो उंचावर. म्हणून ट्रकला वळवणारा जोरच त्याला बाहेरच्या अंगाला कलंडवूही पाहतो. समजा, डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १.८ मीटर, गुरुत्वमध्याची उंचीही तेवढीच आणि वळणाची त्रिज्या २० मीटर आहे. सपाट रस्त्यावर वेग ताशी सुमारे ३६ किलोमीटर झाला की आतली चाके उचलू लागतील. माल नीट रचून गुरुत्वमध्य हातभर खाली, १.३५ मीटरवर आणला, तर ही मर्यादा सुमारे ४१ होते. कमानींचा झोल आणि हलणारा माल यांमुळे प्रत्यक्षात ती याहूनही कमीच धरावी.

फरक ताशी पाच किलोमीटरचा. पण घाटातल्या वळणावर तेवढ्यावरच चालकाचा जीव अवलंबून असू शकतो. जड पोती तळाशी आणि हलकी वर, असा आग्रह धरणारा हमाल ऑयलरचेच गणित सांगत असतो. त्याचे ऐकावे, हे बरे.