पत्त्याची पाठ बोलू लागते तेव्हा...

पत्त्याचे तोंड ज्याच्या हातात पत्ता आहे त्यालाच दिसावे आणि पाठ मात्र सर्वांना सारखीच दिसावी, या एका अलिखित करारावर पत्त्यांचा प्रत्येक डाव उभा असतो. रमी असो, दिवाळीतली तीन पत्ती असो वा गेल्या काही वर्षांत महानगरांतील तरुण नोकरदारांमध्ये रुजलेला पोकर असो, हा करार मोडला की उरलेल्या कौशल्याला काहीही अर्थ राहत नाही.

करार मोडण्याचे तंत्र किती पुढे गेले आहे, याची झलक २३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये दाखल झालेल्या फौजदारी प्रकरणातून मिळाली. धनिक मंडळींना नामांकित माजी बास्केटबॉलपटूंसोबत पोकर खेळण्याचे आमिष दाखवायचे आणि त्यांना पद्धतशीर नागवायचे, असा आरोप सरकारी पक्षाने ३१ जणांवर ठेवला. पत्ते पिसणाऱ्या यंत्रात केलेले फेरफार, पालथे पत्ते वाचणारे क्ष-किरणांचे टेबल, खुणा दिसाव्यात म्हणून बनवलेले चष्मे आणि कॉन्टॅक्ट लेन्स, अशी साधनसामग्री आरोपपत्रात नोंदलेली आहे. लुबाडणुकीची रक्कम सत्तर लाख डॉलरच्या वर असल्याचे सरकारी पक्षाचे म्हणणे आहे.

एवढा सरंजाम प्रत्येक लबाडाला परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. धारदार पाते, शाईची बाटली आणि संध्याकाळचे दोन तास एवढ्या भांडवलावरही खुणेचे पत्ते तयार होतात.

एक्का कुठे आहे, एवढे कळले तरी पुरे

आपल्याकडे सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या ‘टेक्सास होल्डेम’ प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन पत्ते पालथे मिळतात आणि टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी सामाईक असे पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडले जातात. समोरच्याच्या त्या दोन पत्त्यांविषयीचा अंदाज म्हणजेच हा खेळ. लबाडाला ५२ च्या ५२ पत्त्यांवर खुणा कराव्या लागतात, हा मोठा गैरसमज आहे. केवळ चार एक्के आणि चार राजे ओळखू आले तरी त्याचे काम भागते. नऊ जण खेळत असतील तर १८ पत्ते वाटले जातात. म्हणजे सरासरीने प्रत्येक डावात एखादा तरी एक्का कोणाच्या ना कोणाच्या हातात असतोच. तो कोणाकडे आहे हे ठाऊक असणारा माणूस प्रत्येक डाव जिंकत नाही. तो फक्त मोठ्या रकमेचे डाव हरत नाही. संशय येण्यास उशीर लागतो तो यामुळेच.

खुणा करण्याच्या जुन्या पद्धती दोन. पाठीवरच्या नक्षीतील एखादी पांढरी पाकळी किंवा रेघ त्याच रंगाच्या शाईने भरून टाकायची, ही एक. उलट छापील रंग पात्याच्या टोकाने खरवडून तेथे पांढरा ठिपका काढायचा, ही दुसरी. याहून सफाईदार काम म्हणजे नक्षीच्या एखाद्या भागावर अत्यंत फिकट रंगाचा हात फिरवणे. ती छटा जवळून दिसत नाही, पण नजर सैल सोडून दोन हातांवरून पाहणाऱ्याला दिसते. खूण बहुधा डाव्या वरच्या कोपऱ्यात आणि तिच्या बरोबर विरुद्ध, उजव्या खालच्या कोपऱ्यात असते. पत्ते हातात पंख्यासारखे धरले की नेमका तोच कोपरा समोरच्याला दिसतो.

काही खुणा डोळ्यांसाठी नसतातच. नखाने कडेवर पाडलेली खाच किंवा टाचणीने उठवलेला सूक्ष्म उंचवटा वाटणाऱ्याच्या अंगठ्याला कळतो. शर्टाच्या बटणामागे वा खिशाच्या कडेला रंगाचा मलम लावून ठेवायचा आणि डाव चालू असतानाच हाती आलेल्या एक्क्यावर बोट टेकवायचे, हीदेखील जुनी युक्ती. या पद्धतीत पत्त्यांचा कॅट कोरा करकरीत असला तरी तासाभरात तो खुणेचा होतो.

अदृश्य शाईचा प्रकार याच्या पुढचा. फ्रान्समधील कान शहराच्या कॅसिनोत २०११ साली इटालियन टोळीने असे पत्ते वापरले होते. खेळणाऱ्याच्या डोळ्यांत खास लेन्स होत्या आणि पत्ते आतल्या माणसांच्या मदतीने खुणावले गेले होते. अलीकडे पत्त्यांच्या कडांवरच साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा छापल्या जातात. टेबलावर सहज ठेवलेल्या मोबाइलमध्ये दडवलेला कॅमेरा कॅटची कड वाचतो आणि कोणता खेळाडू जिंकणार हे वाटप होण्यापूर्वीच लबाडाला कळवतो.

सीलबंद पाकिटाचा भरवसा

‘पाकीट तर तुमच्यासमोर फोडले’ हे वाक्य खासगी डावांत हमखास ऐकू येते. फ्रेंच जादूगार रॉबेर-उदँ याने १८६१ साली पत्त्यांतील लबाड्या उघड करणारे पुस्तक लिहिले. त्यात हवाना शहराची हकिगत आहे. एका स्पॅनिश ठगाने म्हणे शेकडो पाकिटे विकत घेऊन प्रत्येक पत्ता खुणावला, पाकिटे पुन्हा जशीच्या तशी बंद केली आणि हवानाच्या व्यापाऱ्यांना स्वस्तात विकून टाकली. पाठोपाठ तो स्वतः तेथे गेला. शहरातल्या कोणत्याही क्लबात तो बसला तरी पत्ते त्याचेच! यजमान बिचारे मोठ्या विश्वासाने स्वतः दुकानातून नवे पाकीट आणत होते. पुढे एका फ्रेंच ठगाच्या हाती त्यातला कॅट लागला, त्याने खुणा ओळखल्या आणि पहिल्याकडे निम्मा वाटा मागितला. जादूगाराने हकिगतीला थोडे तिखटमीठ लावले असेलही. पण पाकीट फोडून पुन्हा बंद करणे आजही अवघड नाही. तेव्हा सीलपेक्षा पत्ते कोणी आणले हा प्रश्न महत्त्वाचा. शक्यतो दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणलेले, निराळ्या रंगांचे दोन कॅट असावेत आणि ते आलटून पालटून वापरावेत.

अंगठ्याची चाचणी

सर्वांत उपयोगी चाचणीला कोणतेही उपकरण लागत नाही. सगळे पत्ते पालथे आणि एकसारखे करून डाव्या हातात घट्ट धरावेत. उजव्या अंगठ्याने त्यांचा कोपरा वाकवून पत्ते भराभर सोडावेत, लहान मुले वहीच्या पानांवर चित्रे काढून ती ‘हलवतात’ तसे. नजर मात्र नक्षीतील एकाच जागी खिळलेली हवी. पत्ते निर्मळ असतील तर नक्षी जागच्या जागी स्थिर भासते. खुणा असतील तर तेथील रेघ थरथरते, पाकळी उघडझाप करते. नंतर कॅट फिरवून दुसऱ्या टोकाला हेच करावे. भरलेल्या वा खरवडलेल्या खुणा या चाचणीतून सहसा सुटत नाहीत. लाल पाठीचे पत्ते असतील तर लाल जिलेटिन कागदातून पाहावे. लाल नक्षी विरून जाते आणि हिरवट शाईने केलेल्या जुन्या पद्धतीच्या खुणा उठून दिसतात. कॅमेऱ्यासाठी केलेल्या खुणा मात्र या दोन्ही उपायांना दाद देत नाहीत. तेथे टेबलावर मोबाइल, लायटर, सिगारेटचे पाकीट यांपैकी काहीही न ठेवण्याचा नियमच कामी येतो.

आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी. पाठीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी आहे काय? ती सारखी नसेल तर खूण करण्याचीही गरज उरत नाही. मोठे पत्ते एका दिशेला आणि लहान पत्ते दुसऱ्या दिशेला फिरवून ठेवले की झाले. प्रख्यात पोकरपटू फिल आयव्ही याने २०१२ साली लंडनच्या कॅसिनोत ७७ लाख पौंड जिंकले ते याच मार्गाने. खेळ पोकरचा नव्हता, पुंतो बँको नावाचा होता. कापणीतील बारीकशा असमानतेमुळे पत्त्यांच्या दोन कडा वेगळ्या दिसत होत्या आणि आयव्हीच्या जोडीदारणीने ‘शकुना’च्या नावाखाली पत्ते वाटणाऱ्या कर्मचाऱ्याकडूनच ते फिरवून घेतले. कॅसिनोने पैसे देण्यास नकार दिला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ही लबाडीच असल्याचा निर्वाळा दिला. पिसताना निम्मा कॅट उलट दिशेला फिरवून घेतला की असली मांडणी विस्कटून जाते.

कंटाळवाणे वाटणारे नियम

पोकरचे काही रिवाज नवख्यांना निव्वळ थाट वाटतात. खरे तर त्यांचा जन्म लबाडीच्या धास्तीतून झाला आहे. सामाईक पत्ते उघडण्यापूर्वी वरचा एक पत्ता न दाखवता बाजूला टाकतात, त्याला ‘बर्न’ म्हणतात. पैजा लागत असताना कॅटवरचा तो पत्ता सर्वांच्या नजरेसमोर पडून असतो. त्यावर खूण असली तर ती वाचणाऱ्याला पुढे काय उघडणार हे कळेल. म्हणून तो पत्ता बादच करायचा. कॅटच्या तळाशी प्लॅस्टिकचा कोरा पत्ता ठेवतात तो तळचा पत्ता झाकण्यासाठी. एकाने पिसायचे, दुसऱ्याने कापायचे, तिसऱ्याने वाटायचे हा संकेतही त्यातलाच. घरगुती डावांत ‘आपलीच तर माणसे आहेत’ म्हणून नेमके हेच नियम आधी सोडून दिले जातात.

खेळाडूच्या स्वतःच्या हातात आहे ते एवढेच, की मिळालेले दोन पत्ते टेबलावर तळहाताखाली झाकून ठेवावेत, कोपरा उचलून एकदाच पाहावेत आणि पुन्हा झाकावेत. जी पाठ दिसत नाही ती वाचताही येत नाही. कागदी पत्त्यांऐवजी पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते घेतले तर दुमड आणि नखाची खाच सहज टिकत नाही. किंमत जास्त पडते, पण एका डावात लागणाऱ्या रकमेच्या मानाने ती किरकोळच.

माणसांकडेही लक्ष असावे. प्रामाणिक खेळाडू समोरच्याचा चेहरा न्याहाळतो. खुणा वाचणाऱ्याची नजर पुन्हा पुन्हा हातांकडे आणि कॅटकडे वळते. चांगले पत्ते असतानाही तो अचानक डाव सोडतो, आणि फुटकळ पत्त्यांवर मोठी रक्कम लावून बरोबर ठरतो. एकदा घडले तर नशीब म्हणता येईल. रात्रभर घडत राहिले तर पत्ते मागून घेऊन अंगठ्याची चाचणी करावी. त्यास कोणी हरकत घेतली, तर ती हरकतच पुरेसे उत्तर आहे.

दाद कोणाकडे मागायची?

गोव्यात मांडवीतील जहाजांवरचे कॅसिनो परवान्याने चालतात. तेथे कॅमेऱ्यांची नजर असते आणि तक्रार ऐकणारा माणूस असतो. महाराष्ट्रात तशी सोय नाही. १९७६ साली राज्याने कॅसिनोंविषयी केलेला कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ साली तो रद्द करण्यात आला. जुगाराचा अड्डा चालवणे वा तेथे खेळणे हा १८८७ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवरही केंद्राने २०२५ साली कायद्याने बंदी घातली.

फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, हे खरे. परंतु तक्रार करायला जाणाऱ्याला आधी आपण कोठे, कोणासोबत आणि किती पैसे लावून खेळत होतो हे पोलिसांना सांगावे लागते. बहुतेकांचे पाऊल तेथेच अडते, आणि लबाडांना ते पक्के ठाऊक असते. दिवाणी दाव्याचा मार्गही बंदच म्हणायचा; पैजेचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे निरर्थक ठरतो. या कलमाची दुसरी बाजू मात्र फारशी कोणी लक्षात घेत नाही. खुणेच्या पत्त्यांवर हरलेल्या माणसाकडून उधारीची चिठ्ठी लिहून घेतली जाते आणि नंतर वसुलीसाठी दमदाटी सुरू होते. पैजेतून जिंकल्याचे सांगितले जाणारे असे पैसे न्यायालयातून वसूल करता येत नाहीत, आणि दमदाटी झाली तर ती पोलिसांकडे नेण्याजोगी स्वतंत्र तक्रार होते.

टेबलावर संशय पक्का झाला तरी तेथल्या तेथे आरोप करणे शहाणपणाचे नाही. परक्या घरात, रात्री दोन वाजता, समोरची तीन माणसे एकमेकांची असू शकतात. सकाळी लवकर निघायचे आहे असे सांगून उठावे, उरलेल्या चिप मोडून घ्याव्यात, कोणतीही चिठ्ठी लिहून देऊ नये आणि गेलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा त्या टेबलावर बसू नये.