आदिम मत्स्यांतील श्वेत कोशिका व रोगप्रतिकार

जबडेरहित (गोलमुखी) व उपास्थिमय सांगाड्याच्या माशांतील श्वेत कोशिका आणि त्यांच्याद्वारे होणारे शरीराचे संरक्षण. पृष्ठवंशी प्राण्यांच्या रोगप्रतिकारयंत्रणेच्या उत्क्रांतीवर या माशांच्या अभ्यासाने प्रकाश पडला आहे.

सूक्ष्मजंतू गिळणाऱ्या भक्षक कोशिका अपृष्ठवंशी प्राण्यांतही असतात. मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये त्यांचे कार्य तारामाशाच्या डिंभात पाहिले. विशिष्ट जंतू ओळखून त्याची ‘स्मृती’ राखण्याचे कार्य मात्र लसीका कोशिका करतात.

लँप्री व हॅगफिश हे हयात असलेले जबडेरहित मासे होत. लँप्री भारतात आढळत नाही. तिच्या रक्तात कणयुक्त कोशिका, एककेंद्रक कोशिका व लसीका कोशिका असतात. खरी प्लीहा मात्र नसते. टोचलेल्या जंतूंविरुद्ध ती विशिष्ट प्रतिसाद देते व परकी त्वचा नाकारते, असे फिनस्टॅड व गुड यांनी १९६४ मध्ये दाखविले. तथापि मानवातील प्रतिपिंडांसारखी प्रथिने तिच्यात सापडत नव्हती. हे कोडे २००४ मध्ये उलगडले. तिचे ग्राही रेणू सर्वस्वी वेगळ्या घडणीचे असून ल्यूसीन या ॲमिनो अम्लाने समृद्ध अशा, पुनःपुन्हा येणाऱ्या खंडांचे बनलेले असतात. जनुकाचे निरनिराळे तुकडे जुळवून त्यांत अफाट विविधता येते. काही लसीका कोशिका हे रेणू रक्तात स्रवतात, तर इतर ते पृष्ठभागावरच धारण करतात. क्लोमांच्या (कल्ल्यांच्या) टोकांशी यौवनलोपी ग्रंथीसारखे ऊतक असल्याचे २०११ मध्ये दिसून आले.

उपास्थिमिनांत, म्हणजे कोकण किनाऱ्यावर मिळणाऱ्या मुशी, पाकट इत्यादींत, यौवनलोपी ग्रंथी, प्लीहा व खरे प्रतिपिंड असतात. अस्थी नसल्याने अस्थिमज्जा नसते; तिचे कार्य ग्रासिकेच्या भित्तीतील लायडिख अंग व जननग्रंथींलगतचे ऊतक करते. शार्कमधील हलकी शृंखला नसलेला प्रतिपिंड १९९५ मध्ये वर्णिला गेला. लहान व टिकाऊ असल्यामुळे रोगनिदान व उपचार यांसाठी त्यावर संशोधन होत आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या सीमांवरून वाहणाऱ्या वर्धा व पैनगंगा नद्यांतील मरळ, रोहू इ. मासे अस्थिमीन आहेत. त्यांच्यातही अस्थिमज्जेत रक्तकोशिका तयार होत नाहीत. ते कार्य मुख्यतः वृक्काच्या अग्रभागात चालते. प्रतिपिंडांच्या घडणीत मात्र ते लँप्रीपेक्षा मानवालाच जवळचे आहेत.

सु. ५० कोटी वर्षांपूर्वी जबडेरहित व जबडेधारी शाखा अलग झाल्या. लसीका कोशिकांतील श्रमविभागणी दोन्हींत आढळते. म्हणून ती त्यापूर्वीची असावी. जंतू ओळखणारे रेणू मात्र दोन्ही शाखांत स्वतंत्रपणे निर्माण झाले. प्रतिपिंड हा रोगप्रतिकाराचा एकमेव मार्ग नव्हे, हे यावरून सिद्ध होते.