शिंपल्यांचे शिल्पकार

ओहोटी लागली की कोकणच्या किनाऱ्यावर शंखशिंपल्यांचा सडा पडलेला दिसतो. मुले ते ओंजळी भरभरून वेचतात. परंतु ते कोणी घडविले, हा प्रश्न थोड्यांच्याच मनात येतो.

शंख, शिंपले व कवड्या ही मृदुकाय प्राण्यांची घरे होत. या प्राण्यांच्या अंगात हाड मुळीच नसते. त्यांच्या शरीराभोवती मांसल त्वचेचा पडदा असतो; त्याला प्रावार म्हणतात. पाण्यात विरघळलेला चुना वापरून प्रावार थराथराने कवच रचतो. प्राणी वाढतो तसतसे कवचाच्या काठाशी नवे बांधकाम होते. तिसरीचा शिंपला हातात घेऊन पाहा; काठाला समांतर अशा बारीक रेषा दिसतील. त्या या बांधकामाच्याच खुणा. शंखाचे निमुळते टोक म्हणजे त्याचे बालपणचे घर!

कवडी एवढी गुळगुळीत कशी? जिवंतपणी तिचा प्रावार दोन्ही बाजूंनी बाहेर येऊन पाठ झाकतो व तिच्यावर नवा मुलामा चढवीत राहतो. मालदीव बेटांतून आलेल्या कवड्या पूर्वी हिंदुस्थानात नाणे म्हणून चालत. आज 'कवडीमोल' हा शब्द तेवढा उरला आहे.

एखाद्या शिंपल्याला गिरमिटाने पाडल्यासारखे वाटोळे छिद्र असते. माळेसाठी ते कोणी पाडले असावे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ते एका मांसाहारी समुद्रगोगलगायीचे काम. वाळूत दडलेल्या शिंपल्याला ती पायाने कवटाळते, आम्ल सोडून कवच मऊ करते आणि दातेरी जिभेने खरवडते. कित्येक तासांनी छिद्र पडले, की सोंड आत घालून आतला जीव खाते.

रिकामा वाटणारा शंख उचलल्यावर क्षणभर थांबावे. कधी कधी त्यातून खेकड्याचे पाय बाहेर येतात. या खेकड्याचे पोट मऊ असते. दुसऱ्याचा शंख हेच त्याचे चिलखत. तो जागच्या जागी ठेवावा. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख आढळला, तर त्याला स्पर्शही करू नये. त्या प्राण्याजवळ विषारी बाण असतो. काही जातींच्या दंशाने माणसे दगावली आहेत.

घरी आणलेले रिकामे शिंपले गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावेत. उन्हात रंग उडतो. प्रत्येकाजवळ स्थळ व दिनांक यांची चिठ्ठी हवी. लाकडी पेटी मात्र टाळावी. दमट हवेत काही लाकडांतून निघणाऱ्या आम्लामुळे शिंपल्यांवर पांढरी भुकटी धरते.