डोळा लागताना

देवपुरातल्या एका शाळेत मी शिकवीत होतो, तेव्हा नववीच्या वर्गात एक मुलगा होता. साक्री तालुक्यातल्या खेड्यातून आलेला, मामाकडे राहून शिकणारा. मुलगा हुशार; पण दुसरा तास सुरू झाला की मान खाली. दोनदा मी त्याला बाकावर उभे केले. तिसऱ्या वेळी तो उभ्या उभ्याच पेंगला, तेव्हा मात्र मी चपापलो. मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून विचारले, "का रे, रात्री झोपत नाहीस का?"

"गुरुजी, झोपायची भीती वाटते," तो म्हणाला.

हळूहळू सारे बाहेर आले. पहाटे कधीतरी त्याचे डोळे उघडत. खोली दिसे, मामाचे घोरणे ऐकू येई. पण हात हलत नसे, ओरडावे तर आवाज फुटत नसे. छातीवर कुणी बसले आहे, दाराशी कुणी उभे आहे असे वाटे. घरी आजीने निदान करून टाकले होते, "पोऱ्याले मुंज्यानी धरेल शे." येत्या अमावास्येला भगताकडे न्यायचे ठरले होते. तो भगत आधी धुरी देई आणि मग निंबाच्या फोकाने झोडपी, अशी त्याची ख्याती होती. म्हणजे मुलाला शाळेत शिक्षा, आणि घरी त्याहून मोठी शिक्षा ठरलेली.

तर श्रोतेहो, आज या मुंज्याविषयीच बोलायचे आहे. पण तिथे पोचायला आधी झोपेच्या उंबरठ्यावर थोडे थांबावे लागेल.

झोप म्हणजे दिव्याचे बटण दाबल्यासारखे काही नाही. ती सांजवेळेसारखी येते. आपल्या भाषेला हे चांगले ठाऊक आहे. पेंग, डुलकी, झापड, गुंगी, तंद्री, साखरझोप असे किती शब्द आपल्याकडे आहेत! त्यातली तंद्री ही आजची आपली बाब. डोळे मिटलेले असतात, बाहेरचे आवाज दूर गेल्यासारखे वाटतात, आणि मिटल्या डोळ्यांपुढे रंग, चेहरे, रस्ते येऊ लागतात. कुणी नावाने हाक मारल्याचा भास होतो. पायरी चुकल्यासारखे वाटून सारे अंग दचकते. हे दचकणे तर जवळजवळ प्रत्येकाच्या ओळखीचे आहे आणि त्यात आजार काही नाही.

फ्रान्समधील आल्फ्रेड मोरी या विद्वानाने १८४८ साली या भासांना शास्त्रीय नाव दिले. पुढे जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विजेच्या लहरी प्रथम टिपल्या. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे ८ ते १३ लहरी उमटतात. झापड येऊ लागली की त्या मोडतात आणि ४ ते ७ वर येतात. ही अवस्था काही मिनिटांचीच. नंतर माणूस खोल उतरतो आणि पाहिलेले बहुतेक विसरून जातो.

यात दिसते काय? बहुधा दिवसभर जे केले तेच. दिवाळीनंतर दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला विचारा. डोळा लागताना तिला पांढरी बोंडेच बोंडे दिसतात. अमेरिकेत २००० साली स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचीच परीक्षा घेतली. त्यांनी लोकांना पडद्यावर पडणारे ठोकळे जुळवण्याचा खेळ खेळायला लावले. झोप लागताना अनेकांना तेच ठोकळे पडताना दिसले. त्यांत स्मृती गेलेले पाच रुग्ण होते. आपण खेळ खेळलो हे त्यांना आठवतही नव्हते; तरी त्यांच्यातल्या तिघांना ठोकळे दिसलेच! मन आपल्याला न विचारताच दिवसाचा हिशेब मांडत बसते, असा याचा अर्थ घ्यायला हरकत नाही.

आता मुंज्याकडे येऊ. रात्रीतून चार-पाच वेळा स्वप्नांची झोप येते. १९५३ साली शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवून दिले, की या झोपेत मिटल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर हलतात. त्या वेळी मेंदू शरीराचे स्नायू सैल सोडून देतो. श्वास आणि डोळे यांचे काम तेवढे चालू राहते. सोय उत्तमच म्हणायची, नाही तर स्वप्नात धावणारा माणूस खाटेवरून पडायचा! पण कधी कधी जाग आधी येते आणि हा सैलपणा मागे रेंगाळतो. डोळे उघडे, अंग मात्र अजून झोपेत, आणि स्वप्नाची शेपटी खोलीत वळवळते आहे. छातीचे स्नायू नेहमीसारखे ताब्यात नसतात, म्हणून खोल श्वास घेता येत नाही आणि छातीवर ओझे आहे असे वाटते. भ्यालेला मेंदू त्या ओझ्याला चेहरा देतो. आपल्याकडे तो मुंज्याचा किंवा हडळीचा, कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर म्हातारीचा. जपानात या प्रकाराला 'कानाशिबारी', म्हणजे जणू बांधून टाकणे, म्हणतात. काही सेकंद, फार तर दोन-चार मिनिटे हे चालते आणि आपोआप सुटते.

हे दुर्मीळही नाही. अनेक पाहण्या एकत्र करून २०११ साली काढलेला अंदाज असा, की शंभरांतल्या सुमारे आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. विद्यार्थ्यांत हेच प्रमाण शंभराला २८ आहे. विद्यार्थ्यांत जास्त का, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. अपुरी झोप, अवेळी झोप आणि काळजी, तिन्ही त्यांच्याकडे असतात. उताणे झोपल्यानेही हे अधिक होते. आमचा मुलगा भीतीने जागत होता, जागल्याने त्रास वाढत होता, आणि त्रासाने भीती.

मात्र सगळेच भासांवर ढकलून चालणार नाही. मुलगा दिवसा बोलता बोलता अचानक झोपत असेल, हसताना त्याच्या गुडघ्यांतले बळ जात असेल, झोपेत हातपाय झटकून तोंडाला फेस येत असेल किंवा जीभ चावली जात असेल, तर आजार निराळा आहे. अशा मुलाला सरकारी दवाखान्यात दाखवावे आणि त्यात उशीर करू नये. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणी मारझोड करीत असेल, तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला, हे आपल्याला ठाऊकच आहे.

आता कुणी विचारील, ही तंद्री मुद्दाम आणता येते का? येते, आणि आपल्या देशात ती फार पूर्वीपासून आणली जाते. 'विज्ञानभैरव' या जुन्या ग्रंथात तर झोप अजून आलेली नाही आणि बाहेरचे जग दिसेनासे झाले आहे, नेमक्या त्या सांध्यावर मन ठेवायला सांगितले आहे. हठयोगातले शवासन आपल्या अधिक परिचयाचे. त्याचा शास्त्रीय अभ्यास ज्यांच्यामुळे सुरू झाला, ते स्वामी कुवलयानंद लोणावळ्याला जाण्यापूर्वी आपल्या खानदेशातच, अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९२४ साली त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. पुढे मुंबईत डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांकडून शवासन करून घेतले. त्यांतील बऱ्याच जणांचा दाब उतरला किंवा औषध कमी लागले, असे त्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केले. (म्हणून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, बरं का.)

करून पाहायचे तर रीत सोपी आहे. गोधडीवर उताणे पडा. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक भाग मनाने सैल सोडा. श्वास येतो-जातो तो नुसता पाहा. एक हात कोपरापासून उभा ठेवा. झोप उतरली की हात पडतो आणि तुम्ही पुन्हा उंबरठ्यावर येता. एडिसन हातात गोळे धरून डुलकी घेई आणि ते पडले की जागा होई, असे सांगतात. २०२१ साली पॅरिसमध्ये १०३ जणांना एक गणिती कोडे घालून, मध्ये वीस मिनिटे हातात वस्तू देऊन आडवे पडू दिले. पहिल्या हलक्या झोपेत निदान पंधरा सेकंद गेलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना कोड्यातली छुपी युक्ती सापडली. जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. जे खोल झोपले त्यांची गत जागे राहिलेल्यांपेक्षाही वाईट झाली.

पण हा खेळ रात्रीची झोप मोडून करू नये. ज्याला फिट येतात, किंवा ज्याला दिवसाढवळ्या नसलेले आवाज ऐकू येतात, त्याने तर करूच नये. पूर्वी बाजाराला निघालेली बैलगाडी, धनी पेंगला तरी, बैल बिनबोभाट घरी आणीत. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांना घरचा रस्ता ठाऊक नसतो. गाडीवर झापड आली की उतरून झोपावे. तोंडावर पाणी मारून पुढे रेटू नये.

आणि तंद्रीत दिसले म्हणून ते भविष्य नव्हे. तुकोबांना गुरुमंत्र स्वप्नात मिळाला, बहिणाबाई सिऊरकरांना तुकोबांचा अनुग्रह स्वप्नातच झाला, हे खरे. परंतु त्या स्वप्नांमागे त्यांची जागेपणीची सारी तळमळ उभी होती. आपल्याला कापसाचीच बोंडे दिसणार! कानबाईच्या जागरणात पहाटे कुणाच्या अंगात येते, तो प्रकार निराळा आहे. तिथे गाणी, भक्ती आणि भोवतालच्या माणसांची अपेक्षा असते. दोन्हींची गल्लत नको.

त्या मुलाच्या घरी मी गेलो. आजीला लहरी आणि बुबुळे यांतले काही पटले नाही, पण भगत एक महिना पुढे ढकलायला ती कबूल झाली. तेवढे पुरे होते. मुलाला सांगितले, कुशीवर झोप, रोज एकाच वेळी झोप. आणि तसे झालेच तर धडपडू नकोस, श्वासाकडे लक्ष दे आणि एक बोट हलवायचा प्रयत्न कर. तीन आठवड्यांनी तो शाळा सुटल्यावर थांबला.

"गुरुजी, शनिवारी परत आला होता."

"मग?"

"करंगळी हलवली. थोड्या वेळाने सगळा हात हलला. दाराशी मामाचा सदरा होता, खुंटीवर."

आजीने उशाखाली ठेवलेला अडकित्ता मात्र तिथेच होता. तो मी काढायला लावला नाही.