पूर्वेच्या किनाऱ्यावर गरवताना

कोकणात गरवायला निघणारा माणूस आधी तिथी बघतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, गावागणिक थोडं मागंपुढं. नोकरीनिमित्त चेन्नईला गेलेल्या कोकण्याला हा हिशेब तिथे उपयोगी पडत नाही. भरतीच्या वेळा वेगळ्या आहेतच, शिवाय भरतीला तेवढं महत्त्वही नाही. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. चेन्नईत चढउतार जेमतेम मीटर-सव्वामीटरचा. खडपं उघडी पडत नाहीत, खाडीत पाणी भरून मासा आत शिरण्याची ती हमखास घटकाही मिळत नाही.

तिथे बघायचं ते किनाऱ्यालगतच्या ओढीकडे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत पाणी वाळू घेऊन उत्तरेकडे सरकतं, ईशान्य मोसमी वाऱ्यांत दक्षिणेकडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चेन्नई बंदराची भिंत समुद्रात गेली, तेव्हा दक्षिणेला वाळू साचून मरीनाची पुळण रुंदावली आणि उत्तरेचा किनारा झिजू लागला. ही ओढ तंगूसही बाजूला नेते. गोल शिसं गडगडत जातं. म्हणून तारेचे आकडे असलेलं शिसं लावावं आणि ओढीच्या उलट दिशेला फेकावं. तंगुसाला बाक येतो आणि शिसं वाळूत रुततं.

अड्यारच्या मुखाजवळ एका म्हाताऱ्या कोळ्याला मी सकाळभर न्याहाळलं. बराच वेळ त्याने गरी टाकलीच नाही. लाट कुठे फुटते आणि कुठे न फुटता पुढे येते, एवढंच बघत होता. “तंबी, तिथे,” म्हणून त्याने हात केला. फुटणाऱ्या लाटेखाली वाळूचा बांध, त्याच्या अलीकडे खोलगट पन्हळ. किळंगान, म्हणजे आपली मुडदुशी, त्या पन्हळीत किडे-गांडुळं टिपत फिरते. बारीक गरी, आमिषाचा छोटासा तुकडा, फेक अगदी जवळची. नवखे लोक ताकदीने लांब फेकतात आणि मासा त्यांच्या पायाशीच राहतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पण बांधातल्या खिंडीत, जिथे लाट फुटत नाही आणि गढूळ पाणी आत ओढलं जातं, तिथे गुडघाभरही उतरू नये. वरून शांत दिसणारा तोच पट्टा माणसाला समुद्रात नेतो.

कोडुवा, म्हणजे रायगडचा जिताडा, हवा असेल तर पुळण सोडून नदीच्या मुखाकडे वळावं. अड्यार काय, मुट्टुकाडू काय, ही मुखं वाळूने बुजतात आणि पावसाळ्यात पुन्हा फुटतात. मुख उघडं आहे का, एवढं आधी विचारून घ्यावं. पाऊस मात्र तिथला जोरात येतो ऑक्टोबर ते डिसेंबरात, वादळंही तेव्हाच. आपल्या श्रावणातली सुट्टी तिकडे कामाची नाही. यांत्रिक नौकांची बंदीही वेगळी: आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै, तिकडे 15 एप्रिल ते 14 जून.

शिंगाळ्याचा काटा दोन्हीकडे सारखाच विषारी. टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवावा, वेदना उतरते. मग डॉक्टरकडे जावं.

जानेवारी ते मार्च या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं रात्री याच पुळणीवर अंडी घालायला येतात. तेव्हा विजेरीचा झोत वाळूवर फिरवू नका, आणि तुटलेल्या तंगुसाचा शेवटचा तुकडाही खिशात घालूनच घरी या.