नॉर्वेची चंद्रमोहीम

कार्बन पकडणे म्हणजे धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून जमिनीत खोल गाडणे. यासाठी सरकारने पैसा द्यावा का, हा वाद निघाला की मला नॉर्वे आठवतो. १९९१ साली तिथे या वायूच्या उत्सर्जनावर कर बसला. १९९६पासून स्लाइपनर क्षेत्रात वर्षाला सुमारे १० लाख टन समुद्रतळाखाली जाऊ लागला. अर्थात, विक्रीसाठी तिथला नैसर्गिक वायू शुद्ध करावाच लागत होता. जादा खर्च गाडण्याचाच, आणि तो करापेक्षा परवडला.

मोंगस्टाडला मात्र धुरातून वायू काढणे हेच महागडे काम, तेही सरकारी तिजोरीतून. पंतप्रधान स्टोल्टेनबर्ग यांनी २००७च्या नववर्षभाषणात त्याला ‘चंद्रावर उतरणे’ म्हटले. २०१३मध्ये पूर्ण प्रकल्प गुंडाळला, चाचणी केंद्र तेवढे उरले. टीकाकारांच्या तोंडी तोच शब्द टोमणा झाला.