वखारीतील अपघात आणि आपली जबाबदारी

या स्मरणिकेत दरवर्षी करप्रणाली, बाजारभाव, बाजार समितीचे नियम अशा विषयांवर जाणत्या मंडळींचे लेख येतात. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकून वडिलांच्या धान्याच्या पेढीवर बसलो. कायद्याचा अभ्यास आमचा नव्हे. तथापि एका विषयाचा धडा आम्हांस मोठी किंमत देऊन शिकावा लागला. तो व्यापारी बांधवांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्या वखारीत ज्वारीच्या पोत्यांची थप्पी ढासळली व एक हमाल खाली सापडला. तिसऱ्या दिवशी इस्पितळात त्याचे निधन झाले. इस्पितळाचा खर्च आम्ही केला. दिवस झाल्यावर चार प्रतिष्ठितांसमक्ष त्याच्या घरच्यांच्या हाती रोख रक्कम ठेवली, कागदावर अंगठा घेतला आणि आपण न्यायाने वागलो अशा समाधानात राहिलो. काही महिन्यांनी आयुक्तांची नोटीस आली. आमच्या बाजूने दोन गोष्टी मांडण्यात आल्या : हमाल मुकादमाच्या टोळीतला होता, आणि रक्कम तर चुकती झाली होती. दोन्ही टिकल्या नाहीत. भरपाई व्याजासह पुन्हा भरावी लागली.

प्रथम आम्हांस राग आला. मग उलगडा झाला, की आम्ही दिलेल्या पैशातील मोठा वाटा पुढारपण करणाऱ्या एका नातलगाने आपल्याकडे ठेवला होता आणि विधवेच्या पदरी फारच थोडे पडले होते. कायदा एवढा कडक का, हे त्या दिवशी आम्हांस कळले.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. २०१० पासून त्यात ‘कामगार’ऐवजी ‘कर्मचारी’ हा शब्द आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. परंतु मूळ तत्त्वे तीच आहेत. त्यांतील पहिले तत्त्व असे, की इजा कामामुळे व काम चालू असताना झाली असेल तर मालक भरपाईस बांधलेला आहे. मालकाची चूक होती की नाही, हा प्रश्न येथे उद्भवत नाही. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असल्यास, नव्या संहितेने यात धरला आहे.

इजेमुळे तीन दिवसांहून अधिक काळ काम बंद राहिले नसेल तर भरपाई लागत नाही. मद्याच्या अमलाखाली, किंवा सुरक्षेविषयीची स्पष्ट आज्ञा जाणूनबुजून मोडल्याने इजा झाली असेल, तरीही मालक सुटतो. मात्र मृत्यू अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ही सबब चालत नाही. “तो आमचा कायमचा नोकर नव्हता” हे म्हणणेही निरुपयोगी, कारण नैमित्तिक मजुरांचा अपवाद २००० सालीच काढून टाकला गेला. मुकादमामार्फत आलेल्या माणसाची भरपाईही प्रथम मालकानेच द्यावयाची व मागाहून मुकादमाकडून वसूल करावयाची.

आता हिशेब. मृत्यू आल्यास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम व कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास साठ टक्के रक्कम घेऊन तिला वयानुसार ठरविलेल्या अंकाने गुणावयाचे. चाळीस वर्षांच्या माणसाचा अंक १८४.१७ आहे. त्याचे वेतन १२,००० रुपये असेल, तर मृत्यूची भरपाई ६,००० गुणिले १८४.१७ म्हणजे ११,०५,०२० रुपये होते आणि पूर्ण अपंगत्वाची १३,२६,०२४ रुपये. अंगठा गेल्यास कमाईची शक्ती तीस टक्के घटली असे परिशिष्ट सांगते. तेव्हा त्याच माणसास सुमारे ३,९७,८०७ रुपये मिळतात. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या पंचवीस टक्के रक्कम दर पंधरवड्यास द्यावयाची असते. औषधोपचाराचा खर्च याहून निराळा.

मृत्यूची भरपाई वारसांच्या हाती परस्पर देऊ नये. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी. हाती दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल तेवढी वजा मिळते. महिन्याभरात रक्कम न भरल्यास व्याज लागते, आणि दिरंगाईस सबळ कारण नसल्यास भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंडही होतो. रकमेविषयी वाद असला तरी जेवढी मान्य आहे तेवढी तत्काळ भरावी. हक्क सोडल्याचे लिहून घेतलेले कागद कायद्यापुढे रद्दीच होत.

ज्या पेढ्या राज्य कर्मचारी विमा योजनेत मोडतात, तेथे विमेदार कर्मचाऱ्यास लाभ महामंडळाकडून मिळतो व मालकावर वेगळा दावा राहत नाही. जुलै २०१९ पासून या योजनेत मालकाने वेतनाच्या ३.२५ टक्के व कर्मचाऱ्याने ०.७५ टक्के वर्गणी भरावयाची असते. इतरांनी सर्वसाधारण विमा कंपनीकडून या जबाबदारीचा विमा उतरवावा. आम्ही तो आता दर दिवाळीस, वहीपूजनाच्या आधी, नूतन करून घेतो. टोळीतील प्रत्येकाचे नाव, वय व मजुरी दिवाणजी वहीत टिपून ठेवतात. थप्पी किती उंच लावावयाची याची खूण भिंतीवर केली आहे.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘अतिभारारोपण’ हा एक आहे. आश्रितावर शक्तीबाहेर ओझे लादणे हा दोष आपल्या पूर्वजांनी कोणत्याही सरकारी कायद्याच्या कितीतरी आधी ओळखला होता. ज्याच्या पाठीवरून आपला माल वखारीत येतो, त्याची पाठ मोडली तर त्याचे घर उभे ठेवणे हे दान नव्हे, देणे होय. हे देणे खर्ची पडण्याची वेळच येऊ नये, अशी खबरदारी सर्व बांधवांनी घ्यावी, एवढीच आमची नम्र विनंती.